सर्व्हिसिंगनंतरच गाडी का बिघडते? दुर्गम प्रवासाआधी मेकॅनिकचे काम कसे तपासावे

मनुष्यवस्तीपासून दूर, मदत मिळण्याची शक्यता नसलेल्या भागात फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळू शकणारी) गाडी घेऊन जाणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. निघण्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये दिली, सगळी तेले बदलली, ब्रेकचे पॅड नवे टाकले, चाकांच्या बेअरिंगांना ग्रीस भरून घेतले, आणि तरीही वाटेत गाडी अडकली. त्यातही बिघडला तो वर्षभर कसलीही कुरकुर न करणारा, नुकताच उघडून पुन्हा बसवलेला भाग. यात नशिबाचा वाटा फार थोडा असतो. ज्या भागाला कोणी हात लावत नाही त्याची झीज हळूहळू होते आणि आवाज, गळती किंवा थरथर यांपैकी काहीतरी पूर्वसूचना बहुधा मिळते. उघडून बसवलेल्या भागाचे तसे नसते. नट सैल राहणे, वॉशर विसरणे, नळी दुमडणे, चुकीचे तेल पडणे यांपैकी कोणतीही चूक पहिल्या काहीशे किलोमीटरांतच डोके वर काढते, आणि गॅरेजमधून गाडी आदल्या दिवशी आणली असेल तर ते किलोमीटर नेमके आडवाटेवर पडतात.

त्यामुळे पहिला उपाय तारखेचा आहे. मोठे काम निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी पूर्ण व्हावे, म्हणजे चाचणीची फेरी मारायला, उणीव सापडली तर गाडी परत न्यायला आणि एखादा भाग मागवायला वेळ उरतो. गाडी ठीक चालत असताना केवळ मनाच्या समाधानासाठी आदल्या आठवड्यात गिअरबॉक्स किंवा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) उघडून घेणे मला साफ अमान्य आहे; त्यापेक्षा न उघडलेला, पण परिचयाचा भाग अधिक भरवशाचा असतो.

हात कुठे लागला, याची यादी

गाडी परत आल्यावर तिची नखशिखांत तपासणी करण्याची गरज नसते, आणि सामान्य मालकाला तशी ती करता येतही नाही. कोणत्या भागाला हात लागला आणि त्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी आणखी काय काय काढावे लागले, एवढी यादी मात्र करावी. यादीचा हा दुसरा भाग बिलावर कधीच येत नाही, आणि घोटाळे बहुतेक तिथेच असतात. बिलावर ‘क्लचप्लेट बदलली’ एवढेच लिहिलेले असते. परंतु नेहमीच्या रचनेच्या गाडीत क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेली ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) खाली उतरवावी लागते, त्यासाठी पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद एक्सलपर्यंत नेणारे दांडे) सुटतात, खालचा आडवा क्रॉसमेंबर निघतो, स्टार्टर मोटर निघते, बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरचा पाइपही सोडावा लागतो, रिव्हर्स दिव्याच्या आणि फोर-व्हीलच्या स्विचांचे वायरप्लग काढले जातात आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करू देणारी) नळी उपसली जाते. क्लच उत्तम बसला असेल, पण प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवरचा एक बोल्ट नुसता बोटांनी फिरवून पुढच्या कामाकडे वळले गेले असेल, तर गाडी त्या बोल्टाने थांबेल.

यादी मेकॅनिकबरोबर उभे राहूनच करावी. “काम नीट झाले आहे ना?” या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. “हे बदलताना काय काय उघडावे लागले?” असे विचारले तर चांगला मेकॅनिक मनापासून सांगतो, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाच एखादी राहिलेली गोष्ट आठवते. गाडी एकाच माणसाने सुरू करून त्यानेच पूर्ण केली की मध्येच दुसऱ्याच्या हाती गेली, हेही विचारावे. अर्धवट आवळलेले नट कामाच्या अशाच सांध्यावर राहतात. काढलेले जुने भाग आणि तेलाचे रिकामे डबे पाहायला मागावेत. जुन्या भागावरून बदल खरोखर झाला की नाही ते कळते, आणि डब्यावरून कोणते तेल कुठे गेले ते कळते. आवळलेल्या बोल्टांवर रंगाच्या पेनने एक आडवी रेघ, अर्धी बोल्टाच्या डोक्यावर आणि अर्धी शेजारच्या धातूवर, ओढायची विनंती काम देतानाच करावी. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, आणि मुख्य म्हणजे रेघ ओढण्यासाठी प्रत्येक बोल्टापाशी एकदा थांबावेच लागते.

गाडीखाली जाण्याआधी एक खबरदारी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना अडण लावावी. काही जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत हातब्रेक चाकांवर न लागता ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर लागतो. अशा गाडीचे एक मागचे चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दात्यांच्या रचनेमुळे) ते मोकळे फिरू लागते आणि लावलेला हातब्रेक गाडी धरू शकत नाही.

चाके आणि हब

चाक काढले गेले नाही असे सर्व्हिसिंग क्वचितच असते, म्हणून सुरुवात इथून. बहुतेक गॅरेजांत नट हवेच्या गनने आवळतात, आणि त्यातून सैल नटापेक्षा अतिघट्ट नटाचा प्रश्न जास्त उद्भवतो. टॉर्क रेंच (ठरलेला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, येताच आवाज करणारा पाना) लावताच ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे नट बरोबर आवळला आहे असे समजणे चूक आहे. त्यावरून तो सैल नाही एवढेच कळते, आणि तो ठरलेल्या मापाच्या दुप्पट घट्ट असला तरी आवाज तसाच येतो. म्हणून चाक जमिनीवर ठेवूनच एकेक नट गाडीतल्या पान्याने ढिला करावा, तो हाताने मोकळा फिरतो का ते पाहावे आणि मग गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने, समोरासमोरच्या क्रमाने, पुन्हा आवळावा. मध्यम आकाराच्या गाड्यांत हे माप बहुधा 100 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास असते, जाड स्टडच्या (नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्याच्या) मोठ्या गाड्यांत त्याहून बरेच अधिक असते. अंदाजाने काम करू नये, पुस्तिका पाहावी. नट सुरुवातीपासूनच अडखळत फिरत असेल तर आटे गेले आहेत किंवा तो तिरका चढवला आहे, आणि तो स्टड प्रवासाआधीच बदलून घ्यावा. गाडीतला पाना आणि आपली स्वतःची ताकद यांनी नट सुटला नाही, तर आडरानात पंक्चर झाल्यावरही तो सुटणार नाही, हे इथेच कळलेले बरे.

स्टडला तेल किंवा ग्रीस लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तेलकट आट्यावर त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण पडतो, त्यामुळे उत्पादकाने स्पष्ट सांगितले नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडेच असावेत. चाक आणि हब यांच्यामध्ये गंज किंवा रंगाचा थर राहिला असेल तर तो दबतो आणि नट आपोआप सैल पडतात. चाक बसवल्यावर 50 ते 100 किमी चालवून पुन्हा टॉर्क तपासायचा तो यासाठी. मिश्रधातूच्या चाकांचे नट आणि लोखंडी चाकांचे नट पुष्कळदा वेगळ्या बैठकीचे असतात, हे विशेषतः स्टेपनी लोखंडी असेल तेव्हा पाहून ठेवावे. चोरी रोखणारा कुलूपनट असेल तर त्याची किल्ली गाडीत परत आली आहे याची डोळ्यांनी खात्री करावी. ती गॅरेजच्या हत्यारांच्या ट्रेमध्येच राहून जाण्याचा प्रकार इतका सर्रास आहे, की लांबच्या प्रवासाला असे नट साध्या नटांनी बदलून जावे असे माझे मत झाले आहे.

बेअरिंग उघडले असतील तर चाक उचलून वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहे किंवा बॉलजॉइंट झिजला आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर संशय बेअरिंगवर जातो. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावरच खेळ जाणवत असेल तर स्टीअरिंगच्या टाय रॉडच्या टोकांकडे पाहावे, तिथल्या खाचांच्या नटात स्प्लिट पिन घातली आहे आणि तिची टोके वळवली आहेत हे बघावे. बेअरिंग गरजेपेक्षा घट्ट असेल तर ते हलवून कळत नाही, उष्णतेवरून कळते. वीसेक किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न वापरता गाडी थांबवावी आणि चारही हबजवळ आधी नुसता तळहात नेऊन पाहावे. एखादा हब त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या बाजूच्या मानाने स्पष्टपणे तापलेला असेल, तर बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक धरून राहिला आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर हे काम अधिक नेटके होते.

तेले: पातळी, जात आणि गळती

फिल्टरपासून सुरुवात करू, कारण गळतीतली सर्वांत वेगवान तीच. काडतुसासारखा फिरवून बसणारा ऑइल फिल्टर काढताना त्याचे जुने रबरी रिंग कधी कधी इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहते. ते न पाहता नवा फिल्टर त्यावर चढवला की दोन रबरे एकावर एक बसतात. गाडी सुरू होते, उभी असताना गळतही नाही, आणि थंड इंजिनात तेलाचा दाब वाढला किंवा चढावर जोर दिला, की बाहेरचे रबर सरकून काही क्षणांत तेल रस्त्यावर येते. तेलाचा लाल दिवा लागेपर्यंत आपल्या हाती फारसे काही उरलेले नसते. विजेरी (टॉर्च) घेऊन फिल्टरच्या बैठकीची कड पाहावी. रबराचा एकच कडा सर्वत्र सारखा दिसला पाहिजे. पूर्ण दिसत नसेल तर काम करणाऱ्याला जुन्या फिल्टरवरचे रबर दाखवायला सांगावे. जुना फिल्टर रबरासकट हाती आला, की शंका मिटली.

ड्रेन प्लगचा दबणारा वॉशर नवा घातला का, हे विचारावे. इंजिनाखाली संरक्षक पत्रा असेल तर तो बसवण्यापूर्वीच गाडी दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून पाहणे उत्तम, कारण पत्रा बसल्यावर लहानशी गळती त्यात साठत राहते आणि जमिनीवर दिवसेंदिवस दिसत नाही. तसे जमले नसेल तर पत्र्याच्या भोकांतून आत पांढरा कागद घालून, रात्रभर थांबून पाहावे. डिपस्टिकवरची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघावी, आणि खुणेच्या वर गेलेले तेलही दोषच समजावे.

दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना बहुधा डिपस्टिक नसते. त्यांची पातळी फिलर प्लग उघडून पाहतात, आणि बहुतेक रचनांत तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे. तेल बदलताना आधी फिलर प्लग सुटतो का ते पाहून मगच ड्रेन प्लग उघडायचा असतो. हा क्रम उलटला आणि फिलर प्लग जाम निघाला, तर काढलेले तेल परत भरण्याची वाट बंद होते. गर्दीच्या गॅरेजात असे झाले तर वेळेअभावी काहीतरी जुगाड होण्याचा धोका असतो, म्हणून फिलर प्लगच्या कडा चेपलेल्या किंवा घासलेल्या दिसल्या तर तो उघडून दाखवायला सांगावे. आत बोट घालून तेल बाहेर घ्यावे. ते दुधाळ असेल तर पाणी शिरलेले आहे. नव्या तेलात पाणी दिसणे म्हणजे तेल बदललेच नाही, किंवा पाणी अजून कुठून तरी येते आहे.

तेलाची जात हा या सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ‘गिअर ऑइल’ असे मोघम म्हणून एकाच पिंपातले तेल चारही ठिकाणी घातले जाते. हायपॉइड दात्यांच्या डिफरन्शियलला जीएल-5 दर्जाचे तेल लागते, कारण दाते एकमेकांवर सरकत घासतात आणि त्या तेलातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये त्यांना वाचवतात. तेच तेल जीएल-4 सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये गेले तर गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांची झीज होऊ शकते आणि गिअर पडताना खरखर सुरू होते. कित्येक ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेलच लागते, तिथे जाड तेल घातले तर थंडीत कामकाज मंदावते. लिमिटेड-स्लिप (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणाऱ्या) डिफरन्शियलला घर्षण नियंत्रित करणारे खास द्रव्य किंवा ते मिसळलेले तेल लागते, आणि ते नसेल तर वळणावर मागून कटकट असा आवाज येतो. पुस्तिकेत दिलेला दर्जा आणि डब्यावरचा दर्जा शेजारी शेजारी ठेवून वाचण्याला पाच मिनिटे लागतात.

ब्रीदरची नळी शेवटी पाहावी, पण पाहिल्याशिवाय राहू नये. एक्सल चालून तापतो, आतली हवा फुगते. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की ती हवा आक्रसते आणि ब्रीदर बंद असेल किंवा नळी निसटून खालीच लोंबत असेल, तर सीलमधून किंवा त्या नळीतून पाणी आत ओढले जाते. एक्सलवर काम झाल्यानंतर ही नळी परत न लावणे, किंवा चेपून अडकवणे, नेहमीचे आहे. ती उंच जागी गेलेली, मोकळी आणि पिळ न पडलेली असावी.

धूळ आत जाते का

एअर फिल्टर ‘साफ करून बसवला’ असे ऐकू आले की मी स्वतः सावध होतो. कागदी फिल्टरला जोराची हवा मारताना कागद फाटतो, आणि झाकणाचा एक चिमटा नीट बसला नाही तर फिल्टरला वळसा घालून धूळ सरळ इंजिनात जाते. मातीच्या रस्त्यावर, पुढच्या गाडीच्या धुळीत तासन्‌तास जायचे असेल तर टर्बो आणि सिलिंडर यांची झीज त्या एका फटीमुळे होऊ शकते, आणि ती भरून निघत नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद असताना फिल्टरच्या पेटीतून पुढे इंजिनाकडे जाणारी नळी सोडावी. फिल्टरनंतरच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या आतल्या भिंतीला स्वच्छ बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर फासावा; गोळा राहू देऊ नये, आणि हवा मोजणारा सेन्सर जिथे आहे त्याच्या आसपास ग्रीस मुळीच लावू नये. नळी परत घट्ट बसवून धुळीच्या रस्त्यावर फेरी मारावी आणि पुन्हा उघडून तोच भाग पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडक्यावर नुसती ग्रीस आली तर ठीक. बोटांच्या चिमटीत चोळल्यावर कचकच लागली, तर फिल्टर, त्याची बैठक किंवा पुढचा एखादा सांधा हवा ओढतो आहे. स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारा पाइप) बसवलेला असेल तर त्याचा आणि पेटीचा सांधा वेगळा बघावा. तो फक्त दिसायला बसवला आहे आणि आत सील लावलेलेच नाही, असे काम कमी नसते. उतरवलेल्या नळीत चिंधी, बोळा किंवा टेप विसरलेला नाही ना, हेही त्याच वेळी दिसते.

ब्रेक

इंजिन बंद ठेवून ब्रेक तीन-चार वेळा दाबावा, मग पाय घट्ट ठेवून अर्धा मिनिट थांबावे. पेडल हळूहळू खाली जात असेल तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (ब्रेकचा मुख्य पंप) आतून सोडतो आहे. पेडल स्पंजासारखे लागते आणि पंप केल्यावर कडक होते, याचा अर्थ बहुधा हवा राहिली आहे किंवा पॅड-शू यांची फट जुळवलेली नाही. पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू केले की ते किंचित खाली जाते. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करत असल्याची ती खूण आहे, तिला दोष मानू नये.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट-4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा ताज्या अवस्थेतला किमान उत्कलनबिंदू 230 अंश सेल्सिअस धरलेला आहे, ओलावा शोषलेल्या अवस्थेतला 155. लांब उतारावर जड गाडी असेल तर हा फरक पेडल पायाखालून जाण्याइतका असू शकतो. म्हणून तेल बंद डब्यातले होते की अर्धा उघडा पडलेल्या डब्यातले, हे विचारणे गैर नाही. नव्या पॅडांसाठी कॅलिपर सोडला असेल तर रबरी नळीकडे पाहावे. ती पिळलेली नसावी, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर टायरला किंवा स्प्रिंगला घासत नसावी, आणि सस्पेन्शन उंच केले असेल तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावरही ताणलेली नसावी.

सस्पेन्शनविषयी इथेच एक गोष्ट. रबरी बुश नवे टाकल्यावर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच. चाके लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडी लिफ्टवर असतानाच आवळले की खाली घेतल्यावर, हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टही नव्याने बसवल्यावर काहीशे किलोमीटरांनी पुन्हा आवळावे लागतात.

फोर-व्हील खरेच लागते का

डॅशबोर्डवरचा दिवा एवढेच सांगतो की स्विचने संदेश दिला. ज्या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, म्हणजे पार्ट-टाइम रचना आहे, तिची चाचणी डांबरी रस्त्यावर करू नये. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे अंतर वेगळे पडते, ते वेगळेपण जिरवायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्ट आणि दात्यांवर येतो. सैल माती किंवा वाळूवर फोर-हाय (चारही चाकांची नेहमीच्या वेगाची स्थिती) लावून, स्टीअरिंग पूर्ण वळवून, चालण्याच्या वेगाने एक वर्तुळ मारावे. पुढची चाके खरोखर ओढत असतील तर गाडी अडखळल्यासारखी होते, स्टीअरिंग जड लागते आणि टायर माती खरवडतात. तसे काहीच जाणवले नाही, तर फ्रीव्हील हब (पुढची चाके शाफ्टला जोडणारे-सोडणारे हब), पुढच्या एक्सलचा व्हॅक्यूमवर किंवा विजेवर चालणारा जोड, किंवा गिअरबॉक्स उतरवताना सुटलेला वायरप्लग यांकडे वळावे. मग फोर-लो (कमी वेगाची, जास्त जोराची स्थिती) लावून पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवावे, आणि हे सगळे पुन्हा सोडवूनही पाहावे. लागण्यापेक्षा न सुटण्याचा त्रास अधिक होतो. डिफरन्शियल लॉक असेल तर त्याचीही हीच परीक्षा. प्रोपेलर शाफ्ट काढला होता असे यादीत असेल तर ठराविक वेगाला होणारी थरथर लक्षात ठेवावी. सरकत्या सांध्याची दोन टोके एका रेषेत न जुळवता बसवली की ती सुरू होते, आणि काढताना खूण केली नसेल तर असे सहज घडते.

थंडावा आणि वीज

कूलंट बदलले असेल तर आत हवा अडकलेली असू शकते. इंजिन तापले असूनही हीटरमधून थंड हवा येत असेल, तर तीच शंका घ्यावी. पातळी गार इंजिनावर, सलग दोन-तीन सकाळी पाहावी; पहिल्या दिवशी थोडी उतरणे स्वाभाविक आहे, तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर गळती शोधायला हवी. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटा बराच मोठा पल्ला मध्येच स्थिर दाखवतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडण्याच्या खाचेला) लावायचे छोटे वाचक यंत्र जवळ असावे.

त्याच यंत्राने आणखी एक गोष्ट उघड होते. इंजिनाचा दिवा लागत होता आणि आता लागत नाही, यावरून दोष दुरुस्त झाला असे सिद्ध होत नाही. गाडीच्या संगणकातली दोषाची नोंद नुसती पुसली तरी दिवा विझतो. नोंद पुसली की यंत्रणेच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ अशा दिसतात आणि विविध प्रकारे गाडी चालवल्यावरच त्या पूर्ण होतात. गाडी परत मिळताच हे पाहून ठेवावे, चाचण्या पूर्ण होईपर्यंत चालवावी आणि मग दिवा परत येतो का ते पाहावे.

बॅटरीची टोके हाताने पिळली तर हलता कामा नयेत, आणि बॅटरी तिच्या पट्ट्यात घट्ट असावी. गाडी काही तास बंद राहिल्यावर साध्या आम्लाच्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसावे. संगणकाने नियंत्रित अल्टरनेटरात आकडा याहून वरखाली होतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरला असेल तर इंजिन ते चासिस ही जाड अर्थिंगची वायर परत बसवली का, हे विसरू नये.

चाचणीची फेरी

गाडी प्रवासात जितकी भरलेली असेल तितकीच भरावी, पाण्याचे कॅनसुद्धा खरे ठेवावेत. दोन-तीनशे किलोमीटरांत मोठ्या वेगाचा रस्ता, खडबडीत वाट, धूळ, आणि फोर-लोमधला सलग चढ हे सगळे यावे. कमी वेगात, समोरून वारा लागत नसताना चढलेला चढ रेडिएटरच्या पंख्याची जी परीक्षा घेतो ती हमरस्ता कधीच घेत नाही. परतल्यावर गाडी पुठ्ठ्यावर रात्रभर उभी ठेवावी, चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर घ्यावेत, रंगाच्या रेघा पाहाव्यात आणि यादीतल्या प्रत्येक जागेवर विजेरी मारावी.

काही सापडले तर त्याच मेकॅनिककडे, आरोप न करता, फोटोसह जावे. कुठे हात लागला होता हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दुरुस्तीसाठी पुन्हा जे उघडले जाईल ते यादीत नव्याने लिहावे आणि तेवढ्यापुरती फेरी पुन्हा मारावी. निघण्याची तारीख जवळ आली असेल तर कशावर थांबायचे आणि काय घेऊन जायचे, हे ठरवावे लागते. ब्रेकचे पेडल, स्टीअरिंगमधला खेळ, तापणारा हब, उतरत राहणारे कूलंट, इंजिनाखालचा पडणारा थेंब यांपैकी काहीही शिल्लक असेल तर तारीख पुढे ढकलावी. डिफरन्शियलच्या सीलभोवती नुसता ओलसर डाग असेल, थेंब धरत नसेल आणि पातळी चाचणीनंतर तेवढीच असेल, तर योग्य दर्जाचे एक लिटर तेल, भरायची नळी आणि फिलर प्लगचा पाना बरोबर घेऊन जाता येते, मात्र रोज मुक्कामाला पोचल्यावर तो डाग पुसून, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावा.